ग्रॅमशेठ

"आई, भात कच्चा मोजलास का शिजलेला?"

शेजारच्या घरातून हा प्रश्न ऐकू आला की साडेसात वाजले असं आम्ही समजतो. प्रश्न अगदीच खुळा नाही. शंभर ग्रॅम तांदूळ पाणी पिऊन पावणेतीनशे-तीनशे ग्रॅमचा भात होतो, आणि यातला कुठला आकडा वहीत मांडायचा यावर सगळा हिशोब फिरतो. पण ज्या वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी हा वाण दिला ते वडगाव आमच्या मावळातलं, आणि या मावळात भात ग्रॅमवर मोजायचा म्हणजे पंढरपुरात बुक्का तोळ्यावर विकण्यासारखं. त्यात इंद्रायणी चिकट. वाटीला राहिलेली चार शितं हिशोबातून वजा करायची की नाही, हा वाद एकदा पाऊण तास चालला होता. तोवर भात थंड.

हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला आळीत ग्रॅमशेठ म्हणतात. वय चोवीस, तळेगावच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, जिम सोमाटणे फाट्याला. पूर्वी गावात एक भजनी, एक पुढारी आणि एक पैलवान असायचाच. आता पैलवानाच्या जागी हा आलाय. फक्त हा कुस्ती खेळत नाही, हा 'लीन बल्क'वर असतो. म्हणजे अंगावर मांस चढवायचं, चरबी चढू द्यायची नाही.

"काका, सोपं आहे," माझ्या पोटाकडे बघत तो सांगतो. "शरीराला लागतं त्याच्यावर रोज अडीचशे कॅलरी, बास. हजार जादा टाकल्या म्हणून स्नायू चौपट वेगाने वाढत नाहीत. उरलेलं सगळं इथं." 'इथं' म्हणताना त्याचं बोट माझ्या शर्टाच्या खालून तिसऱ्या बटणावर असतं. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन, याचं वजन ७२ किलो, म्हणजे दिवसाला ११५ ग्रॅम. वजन आठवड्याला फार तर दोनशे ग्रॅम वाढायला हवं. आणि लोखंड दर पंधरवड्याला थोडं थोडं जड होत गेलं पाहिजे, नाहीतर खाल्लेलं स्नायूला लागत नाही.

हे सगळं बरोबर आहे. त्याचा घोळ गणितात नाहीच. घोळ आमच्या शिरगावात आहे.

गुरुवारचं घ्या. गावातल्या प्रति शिरडीच्या साईमंदिरात दर्शनाची रीघ, आणि दर्शनाला आलेला चिंचवडचा नाहीतर मुंबईचा एक तरी पाहुणा यांच्या घरी चहाला वळतोच. प्रसाद आणतो. लोणावळ्याहून आला असेल तर चिक्कीही. नाही म्हटलं तर देवाचा अपमान, हो म्हटलं तर वहीचा. ग्रॅमशेठ चिक्की हातात घेऊन तिच्याकडे सोनार मोडीच्या दागिन्याकडे बघतो तसा बघतो. शेंगदाण्यात शंभराला पंचवीस ग्रॅम प्रोटीन, पण जवळजवळ पन्नास ग्रॅम तेल, वर गूळ. मग अर्धी वडी खातो. उरलेली अर्धी रात्री.

त्यात गुरुवारी घरात अंडं शिजत नाही. एरवी तो सहा अंडी खातो, एकात सहा ग्रॅम प्रोटीन धरून छत्तीस ग्रॅम तिथंच सुटतात. ती अंडी गुरुवारी चुलत्याच्या गोठ्यात जातात. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या मे महिन्यात बैलगाडा शर्यतींवर शिक्कामोर्तब केल्यापासून तिथल्या शर्यतीच्या बैलाची बडदास्त वाढलीय. दूध, अंडी, कणकेचे गोळे. बैलाला गुरुवार नसतो. ग्रॅमशेठ गोठ्याच्या दारात उभा राहून बघत असतो. पुठ्ठ्यावर चरबीचा थर नाही, खांदा दगडासारखा. "बघा काका, याला म्हणतात लीन," तो म्हणतो. असा मत्सर मी भावकीच्या सातबाऱ्यावरही पाहिला नाही.

त्याच्या आईचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, दुःख निराळं. तिनं एकदा प्रोटीन पावडरच्या डब्यावर काय लिहिलंय ते त्याच्याकडून वाचून घेतलं. त्यानं समजावलं की दूध फाडून पनीर केल्यावर जे पाणी उरतं ना, त्यातूनच ही पावडर काढतात. वहिनींनी डब्याची किंमत विचारली आणि ओट्याला टेकल्या.

"आरं, ते पाणी मी कणकेत घालत आले इतकी वर्षं!"

"आई, त्या पाण्यात शंभराला एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नसतं. गाळून, आटवून करावं लागतं."

"मग आटव की. गॅस हाय घरात."

तेव्हापासून त्या भाताचं वजन झालं आणि त्याची पाठ फिरली की वर चमचाभर तूप सोडतात. मोठा चमचा तूप म्हणजे सव्वाशे कॅलरी, रोजच्या परवानगीतल्या निम्म्या. इंद्रायणीच्या गरम वाफेत ते कुठं जिरतं, पत्ता लागत नाही. मला ठाऊक आहे, कारण आमची खिडकी त्यांच्या ओट्यासमोर आहे. मी बोलत नाही. माझ्या पोटालाही कुणी सोबती हवा.

आळीतल्या म्हाताऱ्या आबांनी मात्र एकदाच तोंड घातलं. तरुणपणी जत्रेच्या आखाड्यात रेवड्यांच्या कुस्तीपासून वर चढलेला माणूस. "तुझी कुस्ती कधी हाय?" त्यांनी विचारलं.

"कुस्ती नाही, आबा."

"मग एवढं खातोस कुनासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर ग्रॅममध्ये देता येत नसल्यामुळे तो शेकर हलवत बाहेर गेला.

तरी एका गोष्टीवर त्याचा पक्का भरवसा होता. दर रविवारी सकाळी, रिकाम्या पोटी, बेंबीवरून टेप. वजन वाढतंय आणि कंबर चौतिसावर थांबलीय, म्हणजे चढतंय ते मांसच. तीन महिने चौतीस. आम्हा सगळ्यांना त्यानं ती वही दाखवली. मीही मनातल्या मनात तुपाची माफी मागितली.

मग मावसभावाचं लग्न निघालं आणि हा पँट शिवायला तळेगावला गेला. शिंप्याने टेप गुंडाळली आणि आतल्या पोराला ओरडून सांगितलं, "कंबर सव्वापस्तीस!" ग्रॅमशेठ म्हणाला, टेप चुकतेय. शिंप्याने ती मुकाट्याने लोखंडी पट्टीला लावून दाखवली.

घरी आल्यावर उलगडा झाला. पहिलं माप जिमच्या टेपने घेतलेलं, पुढची सगळी आईच्या शिलाई मशीनच्या खणातल्या कापडी टेपने. ती वीस वर्षांची, ताणून ताणून चौतिसाला सव्वा इंच लांबलेली. फेकून दे म्हणाला, तर वहिनींनी ती कनवटीला लावली. "माझे ब्लाउज नीट बसतात हिच्यानं." खरंच होतं. अंगही तिनंच मोजायचं, कापडही तिनंच.

आठ दिवसांनी पँट आणायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. बसली छान. घडी घालता घालता शिंप्याने कमरेची पट्टी उलटी करून त्याला शिवण दाखवली.

"आत दीड इंच सोडलंय. लगीनसराई उरकली की घेऊन ये."