मावळात मुरल्यासारखं बोलावं कसं?

पवना धरणाकाठी बंगला बांधला, अंगणात जुनी बैलगाडी उभी केली, कंदीलही टांगला. तरी गाव तुम्हाला 'पाहुणे'च म्हणतं? घाबरू नका. तोंडात चार जुने शब्द हवेत.

सुरुवात सोपी. भाताच्या शेताला 'शेत' म्हणू नये, खाचर म्हणावं. उन्हाळ्यात पलीकडून धूर आला तर अग्निशमन दलाला फोन करू नये. तिथे राब भाजतात: पालापाचोळा, शेण पसरून जाळतात आणि त्या जागी भाताची रोपं टाकतात. इरलं म्हणजे आवणीत, म्हणजे भातलावणीत, वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं कामट्या-पानांचं छप्पर. खाचरात आता प्लास्टिकचा कागद दिसतो. इरलं हवंच असेल तर रिसॉर्टमध्ये पाहावं, आत बल्ब लावलेलं.

खरी परीक्षा मापांची. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मण बारा पायल्यांचा की सोळा, यावर तोंड उघडू नये. ते गावागणिक बदलायचं. पायलीचे किलो किती, हे तर मुळीच विचारू नये. पायली मापायची, किलो तोलायचा. इंद्रायणी तांदळाची पायली आणि पोह्यांची पायली काट्यावर कशी सारखी भरेल? मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, तेव्हापासून ही उतरंड माळ्यावर गेली.

अर्थ अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. त्याच्या 1857 च्या आवृत्तीत मराठीवर टिपण लिहिणारे जॉन विल्सन स्कॉटलंडचे. त्यांच्या मुलखातली जुनी धान्यमापं अशी: चार लिपींचा पेक, चार पेकांचा फर्लट, चार फर्लटांचा बोल. आपण शेरापर्यंत दुपटीने चढायचो, ते चौपटीने. त्यांचंही सगळं कोशात जाऊन बसलं.

आता प्रयोग. शनिवारी दुकानात जाऊन खणखणीत आवाजात म्हणावं, "दोन पायली इंद्रायणी द्या." पोरगा गोंधळून आत आजीला हाक मारील. आजी बाहेर येईल, तुम्हाला आपादमस्तक न्याहाळील आणि पाच किलोची पिशवी पुढे सरकवील. घासाघीस केलीत, तर "असले पायलीचे पन्नास बघितलेत" हेही ऐकवील. रागावू नये. शब्द जिवंत असल्याचा तोच पुरावा.

भरलेलं माप अजूनही उंबरठ्यावर ठेवतात, नवी सून घरात येताना. ते बघायचं असेल तर लग्नाला या. जेवून जा, पण ते माप बंगल्यात शोभेला ठेवायला विकत मागू नका.