घरचा सर्व्हर, दारचा पत्ता

क्लाउडचं भाडं वाचवायचं म्हणून मी कपाटावर रास्पबेरी पाय मांडला. घरात 192.168.1.50 वर सगळे फोटो झकास दिसायचे. बाहेरून मात्र शुकशुकाट. तीन रात्री झगडलो. राउटरवर 443 पोर्ट उघडला, फायरवॉल बंद केली, डीएनएसच्या नावाने बोटं मोडली.

चौथ्या रात्री राउटरच्या स्टेटस पानावर सहज नजर गेली. वॅनचा पत्ता 100.72 ने सुरू होणारा! म्हणजे सीजीनॅट. आयपीव्ही4 चे पत्ते पुरेनात, तेव्हा 2012 साली 100.64 ते 100.127 हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला: घरं अनेक, जगाला दिसणारा पत्ता एक. थोडक्यात, मी खोलीचं दार सताड उघडून बसलो होतो आणि चाळीच्या दिंडीदरवाजाला कुलूप होतं. किल्ली अर्थातच मालकाकडे.

मालक म्हणजे इंटरनेट देणारी कंपनी. ती गोड आवाजात म्हणाली, "स्वतंत्र पत्ता हवाय? महिन्याला वेगळे पैसे पडतील."

आता गावाकडच्या काकूंना सांगितलंय, फोटो बघायला घरीच या. होम सर्व्हर म्हणतात तो यालाच!