हवाई घटिकांचा हिशेब

न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस यांतील हवाई अंतर सुमारे 2,475 मैल असून, 25 जानेवारी 1959 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने या मार्गावर जेट विमाने सुरू केल्यापासून ते तसूभरही वाढल्याचे ऐकिवात नाही. तथापि पश्चिमेकडे जाण्यास आज वेळापत्रकात सहा तासांहून अधिक मुदत मुक्रर केलेली आढळते. समोरून येणाऱ्या उच्च वातप्रवाहाकडे बोट दाखवावे, तर तो बिचारा 1959 सालीही याच दिशेने वाहत होता. खरी मेख अशी की, सरकारी दप्तरी पंधरा मिनिटांच्या आतला विलंब हा विलंबच नव्हे, आणि एवढ्या सवलतीवरही संतोष न मानता कंपन्या धावपट्टीवरील खोळंब्याची बेगमी वेळापत्रकातच करून ठेवतात. परिणामी उशिरा सुटलेले विमान लवकर पोहोचते, वैमानिक ध्वनिक्षेपकावरून त्याचे श्रेय घेतो, आणि सामानाच्या कप्प्याखाली माना वाकवून ताटकळलेले उतारू, दाराशी जागा रिकामी होईपर्यंत, ते श्रेय निमूटपणे मान्य करतात. ॲटलांटाहून 134 मैलांवरील बर्मिंगहॅमला जाताना तर घड्याळच एक तास मागे सरत असल्याने, दहाला सुटलेले विमान दहाच्या सुमारासच उतरते. या कालशून्य प्रवासाबद्दल निराळा आकार घेण्याची तजवीज कोणत्याही कंपनीने अद्याप कशी केली नाही, याचेच नवल वाटते.