राजकन्या कशी पटवावी : लोहारांसाठी प्राथमिक माहिती

आधी पात्रता तपासा. तुम्ही लोहार आहात, राजकन्येवर जीव जडला आहे आणि तिच्या बापाने तिला भलत्याच राजपुत्राच्या गळ्यात बांधायचं ठरवलं आहे. तिन्ही अटी जुळत असतील तरच पुढे वाचा. अभ्यासाला एकच पाठ्यपुस्तक पुरेल : थ्री स्टूजेसचा १९४८ सालचा लघुपट, ‘स्क्वेअरहेड्स ऑफ द राउंड टेबल’. पाव तासाहून जरासा मोठा. नापास झालात तरी लगेच पुन्हा बसता येतं.

बाराव्या शतकात आंद्रेआस कापेलानुस नावाच्या गृहस्थांनी प्रेमाचे ३१ नियम लिहून ठेवले. त्यांच्या नादी लागू नका. खऱ्या प्रेमिकाची अन्नावरची वासना उडते, झोप उडते, असं ते म्हणतात. उपाशीपोटी घण कोण उचलणार?

त्यापेक्षा तीन मूर्ख गाठा. सगळी मेख इथे आहे. सिनेमातला सेड्रिक लोहार उंचापुरा, देखणा आणि जवळजवळ बिनकामाचा. त्याच्या प्रेमाची सगळी उस्तवार मो, लॅरी आणि शेंप हे तीन भटके गवई करतात, मारही तेच खातात. (हा सेड्रिक, म्हणजे जॉक महोनी, पुढे टारझन झाला आणि १९६२च्या ‘टारझन गोज टू इंडिया’त फिरोझ खान, सिमी गरेवाल यांच्यासोबत दिसला. देखणेपण वाया जात नाही.)

आता खिडकीखालचं गाणं. चाल उसनी घ्या, पण भारदस्त घ्या. या तिघांनी थेट दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दि लामेरमूर’ या ऑपेरातल्या षट्कगानाला हात घातला. सुरात घालायचे ते फक्त निरोप : खाली येतेस का, बाबा कुठे आहेत, पहाऱ्याचं काय. गाताना हसायचं मात्र नाही. राजकन्या एलेन झालेली क्रिस्टीन मॅकिंटायर तयारीची गायिका होती, आणि ती असली फुटकळ चौकशीसुद्धा जीव ओतून गाते. तिने एकदा जरी डोळा मिचकावला असता तरी सगळं मुसळ केरात.

स्टूजेसचं ते डोळ्यांत बोटं घालणं हा प्रात्यक्षिकाचा भाग. बोटं भुवईच्या हाडावर टेकवा, डोळ्याला हात लावू नका. टेकताक्षणी समोरच्याने मान मागे फेकून कळवळायचं. उरलेली वेदना तंतुवाद्याची एक तार छेडून नंतर भरता येते.

कोठडीत पडलात तर गप्प बसून राहा. सिनेमातल्यासारखा पाव येईल, पावात हत्यारं असतील.

चिलखत घालून नाचायची वेळ येते तेव्हा इतिहासाच्या सरांना बोलावू नका. आर्थर राजाच्या दंतकथेचा काळ आणि डोक्यापासून पायापर्यंतचं पोलादी चिलखत यांत कित्येक शतकांचं अंतर आहे. तो भलता राजपुत्र, म्हणजे कारस्थानी ब्लॅक प्रिन्सही इथे आर्थरच्याच दरबारात मिरवतो. त्या नावाचा खरा राजपुत्र चौदाव्या शतकातला. सर जेवणार नाहीत, झोपणारही नाहीत.

खर्चाची काळजी नको. हीच प्रेमकथा १९५४ साली जुनी रिळं आणि थोडी नवी दृश्यं जोडून ‘नट्सी नाइट्स’ या नावाने पुन्हा खपवली गेली. राजकन्येला एवढं सांगू नका.