मथुरेच्या वाटेवरचा नाका

खानदेशात तमाशा बघणारा माणूस घरून कधीच तमाशाला म्हणून निघत नाही. तो देवदर्शनाला निघतो. फार तर, अमळनेरला सखाराम महाराजांच्या उत्सवाला जाऊन येतो, म्हणतो. वैशाखातली ती जत्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. दर्शन झालं, गोडीशेव बांधून घेतली, की पाय कनातीकडे वळतात. आता पायांवर कुणाचा इलाज चालतो? पुढे तमाशा कलावंत भीमा सांगवीकरांना विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आयुष्यात तमाशा न पाहिलेल्या या सगळ्या मंडळींना भलताच आनंद झाला.

मला वगातल्या राजापेक्षा गवळणीतल्या पेंद्याची आणि मावशीची ओढ जास्त. गोष्ट पाठच असते. गवळणी दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण वाट अडवून दाण, म्हणजे वाटेचा कर, मागतो, पेंद्या त्याची वकिली करतो आणि मावशी दोघांची हजेरी घेते. मावशीचं काम पुरुषाचं. नऊवारी चापूनचोपून, डोईवर पदर आणि वरच्या ओठावर त्याच दिवशी भादरलेल्या मिशीची हिरवट खूण.

इतकी वर्षं फड बदलले, पण ही वाट आणि हा नाका बदलला नाही. बदलत गेला तो कर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पेंद्या जकात नाक्यावरचा कारकून होता आणि कानावर पेन्सिल लावून विचारायचा, ‘‘पावती फाडू का मिटवून घेता?’’ 2003 मध्ये धुळे आणि जळगाव, दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या, तेव्हा पेंद्याने पेन्सिल टाकून खिशाला पेन लावला. मग जकात जाऊन एलबीटी, म्हणजे लोकल बॉडी टॅक्स, आला. त्याचा अर्थ भल्याभल्यांना लागेना. मावशीने तो एका दमात लावला : ‘‘लोणी बघून टॅक्स!’’ कनातीतले व्यापारी उठून हसले. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि 2022 च्या जुलैत वेष्टनबंद, लेबल लावलेल्या दह्यावर पाच टक्के बसले. आता या कराचा तमाशाशी काय संबंध, असं दिल्लीत कुणाला वाटलं असेल. आमच्या गवळणी तर दहीच विकतात! पेंद्याने मडक्याला चारी बाजूंनी वास घेतला, लेबल शोधलं आणि जड मनाने सोडून दिलं. कृष्णाने बासरीने राधेच्या कपाळावरची टिकली स्कॅन केली, ती फास्टॅगची सोय. धुळ्याजवळ आग्रा रोड आणि नागपूर-सुरत रस्ता एकमेकांना छेदतात. तिथल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

हा विनोदाचा माल येतो कुठून, ते एकदा दुपारी बघायला मिळालं. रात्रीचा पेंद्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसला होता, मळक्या बनियनमध्ये. बोलत काहीच नव्हता. सोसायटीचं कर्ज, केळीचा भाव, कापसाची खेडाखरेदी, सरपंचाची नवी गाडी, सगळं बशीतल्या चहाबरोबर ओढून घेत होता. रात्री सरपंचाची गाडी गोकुळात आली. पुढच्या रांगेत बसलेल्या सरपंचाने खिशातून नोट काढून बक्षीस दिलं. न देऊन सांगतो कुणाला?

भाषेचंही तसंच. धुळ्याकडे मावशी म्हणते, ‘‘आते काय दहीलेबी टॅक्स शे का रे?’’ तीच यावल-रावेरकडे गेली की लेवा वळणाने बोलू लागते. गोकुळ नेमकं कोणत्या तालुक्यात येतं, हे ती गाव बघून ठरवते.

आता रात्री दहानंतर आवाजावर बंदी. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा वग उरकता घ्यावा लागतो आणि गवळणीच्या जागेवर सिनेमाची गाणी टपून असतात. तरी मावशी आपली पाच-दहा मिनिटं सोडत नाही. प्रेक्षकही सोडू देत नाहीत, कारण यंदा कृष्ण काय मागणार याची उत्सुकता असतेच. गवळणींना मथुरेच्या बाजारी पोचलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मालाला भाव काय मिळाला, ते त्यामुळे आम्हाला ठाऊक नाही. वाटेत किती गेलं, एवढा हिशेब मात्र दरसाल चोख कळतो. आणि शेतकऱ्याच्या घरात याहून वेगळा हिशेब असतो कुठे?