काकूंच्या माहेरचे पंखे

"ऐश्वर्या रायला नोटीस आली होती ना, ती आमच्याच डोंगरापायी," काकूंनी मेंदीच्या कुंपणावरून जाहीर केलं आणि मी गॅस बंद करून बाहेर आले.

बातमी शिळी होती, जानेवारी २०२३ची. पण काकूंचं माहेर ठाणगावच्या अंगाला, त्यामुळे त्यांना ती अजून ताजी. सिन्नर तालुक्यात आडवाडीच्या डोंगराळ भागात या नटीची पवनचक्कीसाठी घेतलेली हेक्टरभर जमीन. तिचा अकृषक कर थकला, जवळपास २२ हजार. तहसीलदारांनी नोटीस काढली आणि आमचं सिन्नर देशभरच्या वाहिन्यांवर झळकलं. पैसे भरल्याचंही लगेच छापून आलं, पण ते कोण लक्षात ठेवतं!

"पण नटीला तिथं बरड घेऊन करायचं काय?"

"हवा खायला," काकू म्हणाल्या आणि वालपापडीच्या शिरा काढू लागल्या.

खरं कारण आमच्या ह्यांनी मागे सांगितलेलं. एके काळी पवनचक्कीत पैसे घातले की पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवता यायचा. २००२च्या आधी तर पुरता १००. म्हणजे वीज किती का होईना, आयकर वाचला. म्हणून साखरवाले, कापडवाले, सिनेमावाले असे सगळे डोंगर चढले. साताऱ्यात चाळकेवाडी, वनकुसवडे, धुळ्यात साक्री आणि इकडे पट्टा-औंढ्याची रांग. जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज १६७९ मध्ये पट्टा किल्ल्यावर विसावले, म्हणून त्याचं नाव विश्रामगड. आता ट्रेकिंगवाली पोरं तिथं जाऊन फोटोत पंखे येतात म्हणून कुरकुरतात. त्यांची तक्रार तेवढीच.

"अन् भाऊ म्हणतो, पंखे आले अन् पाऊस गेला. ढग पळवत्यात ते."

हे मी साताऱ्या-सांगलीकडच्या लोकांकडूनही ऐकलेलं. म्हटलं, "काकू, तिथल्या जुन्या पंख्यांचे खांब फार तर ७०-८० मीटर उंच. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर."

"मग ढग पळायला लागले की तेव्हाच पंखा जोरात का फिरतो? एरवी उन्हाळ्यात बसलेला असतो की मरगळून."

मी जरा गप्प झाले, कारण बाईंनी पाहिलेलं खोटं नव्हतं. आपल्याकडे वारं जून ते सप्टेंबर. ढग हाकणारं वारं तेच आणि पातं फिरवणारंही तेच. पावसानं ओढ दिली, पेरलेलं करपायला लागलं आणि माणूस वर बघायला लागला, की त्याला नेमका तो पंखा जोमात फिरताना दिसतो. शिवाय पंखे लावले ते वाऱ्याच्या माळांवर, आणि त्यातले कितीतरी घाटाच्या पावसाआड, आधीच कोरडे. दोष पंख्यावर न जाईल तर कुणावर जाईल?

पण या ढगांनी गावकऱ्यांचं नुकसानच केलं, असं मला वाटतं. गाव तक्रार घेऊन गेलं की साहेब हसतात, "अडाणी लोक, ढग पळवतो म्हणतात." मग बाकीचं काही ऐकायलाच नको.

बाकीचं काय, ते काकूंच्या पिंपळनेरच्या व्याह्यांना विचारा. साक्रीत ब्राह्मणवेलच्या पठारावर ५०० मेगावॉटच्या वर पंखे उभे राहिले. त्या भागात वनजमीन पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या आदिवासींना सरकारनं अतिक्रमणदार ठरवलेलं. २००६च्या वनहक्क कायद्यानं पट्टे मिळायची आशा लागली, तर डोंगर आधीच कंपन्यांना दिलेला. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेनं तिथं मोर्चे काढले ते ढगांसाठी नव्हेत, जमिनीसाठी. भीमाशंकरच्या पवनचक्क्यांवर माधव गाडगीळांच्या समितीनंही २०११ मध्ये ताशेरे ओढले. पाती वर न्यायला जंगलातून रुंद रस्ते खोदले, राडारोडा उतारावरून खाली ढकलून दिला. आणि गंमत अशी, की पवनचक्कीला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. वनजमीन असेल तेवढी वनखात्याची परवानगी.

"परदेशात असं नसंल," काकू म्हणाल्या.

"नॉर्वेत सामी लोक कोर्टात गेले. त्यांच्या रेनडिअरच्या चराईत पंखे घातले म्हणून. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तरी पंखे फिरतच राहिले."

"म्हंजे चराईचंच भांडण की! आमच्या वरच्या वाडीच्या शेरडांसारखं."

मग बीडकडच्या मस्साजोगचा विषय निघालाच. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड आले म्हणून सरपंच संतोष देशमुखांना डिसेंबर २०२४ मध्ये मारलं, असं आरोपपत्रात आहे. काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "वाऱ्यात एवढा पैसा असतो होय?" एवढंच म्हणाल्या.

मग आवाज खाली आणून खरी गोष्ट निघाली. भावानं डोंगराकडची जमीन दलालाला दिली तेव्हा बहिणींना बोलावणं गेलं. जीप पाठवली, जेवण घातलं, निबंधकाच्या कचेरीत नेलं, हक्कसोडावर सह्या घेतल्या. पुढं दलालानं ती कितीला विकली ते गावात अजून कुणी नीट सांगत नाही.

"तुम्हांला काय मिळालं?"

"साडी. पोपटी. पहिल्या धुण्यातच रंग गेला."

आता म्हणे जुने छोटे पंखे काढून त्या जागी मोठे बसवायचं केंद्राचं धोरण आलंय, २०२३ मध्येच. दलाल पुन्हा वाडीवर चकरा मारतोय, त्याला खालचा तुकडाही हवाय. भाऊ या खेपेला शहाणा झालाय. विकायची नाही, भाड्यानं द्यायची, दर वर्षी वाढ लिहून घ्यायची, आणि तार शेतावरून गेली तर त्याचे वेगळे, असं सगळं त्यानं वहीत काढून ठेवलंय.

"चांगलं आहे की मग."

"चांगलंच आहे. फक्त सातबाऱ्यावर त्या तुकड्याला अजून आम्हां बहिणींची नावं आहेत." काकूंनी निवडलेल्या शेंगा पदरात घेतल्या. "काल त्याचा फोन आलेला, ताई, चार दिवस माहेरपणाला ये म्हणून. मी म्हटलं, येते. पण आधी ती वही वाच मला फोनवर."