शोधायची वाघीण, सापडेना हत्ती

ढोर हरवलं की यवतमाळकडचा शेतकरी आधी गायक्याला विचारतो, मग धुऱ्याधुऱ्याने दुसऱ्याच्या पऱ्हाटीत डोकावतो. ढोर तिथे असलंच, तर शेतमालकाच्या शिव्या लांबूनच पत्ता सांगतात. नसेल, तर कोंडवाडा. खर्च एक बिडीबंडल.

सरकारची तऱ्हा निराळी. 2018 साली राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात टी-1 उर्फ अवनी वाघीण शोधायची होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, माणसं रानात जायला धजत नव्हती. ते थट्टेचं नाहीच. पण सरंजाम बघा: कॅमेरे, ड्रोन, पॅराग्लायडर, हैदराबादचा नेमबाज, केन कोर्सो जातीचे इटालियन कुत्रे, आणि वाघिणीला भुलवायला केल्विन क्लाईनचं 'ऑब्सेशन' अत्तर! आदल्याच वर्षी याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा तोंडाला बांधायला धड मास्क नव्हता. झुडपांच्या नशिबी मात्र परदेशी अत्तर.

त्यात ताडोबाहून आणलेला गजराज हत्तीच साखळी तोडून पसार झाला. वाघीण राहिली बाजूला, पथक हत्तीच्या मागे. तो हाती लागेपर्यंत चहांद गावची एक बाई जिवानिशी गेली होती. तिचा ठपका कोणाच्या खात्यावर मांडला, हे कोणत्याही ड्रोनला दिसलं नाही.

2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण सापडली, म्हणजे गोळी घालून मारली. मागे राहिले दोन बछडे. त्यांना शोधायला पुन्हा हत्तीच मागवले.